हिबाचं जेवण होईपर्यंत

रुतब आला की मला रक्ताचा वास येतो.

रुतब म्हणजे झाडावरून नुकता उतरवलेला ओला खजूर. देठाकडे अजून पिवळा, टोकाकडे तपकिरी आणि मऊ, मुका मार लागलेल्या कातडीसारखा. ऑगस्टमध्ये बहारीनमधल्या हूरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोल्ड स्टोअरवाला, म्हणजे इथला वाणी, त्याच्या टोपल्या मांडतो. वर ओलं फडकं, फडक्यावर माशा. काल ऑफिसातून येताना त्यानं मला हाक मारली, या वर्षीचा पहिला माल आहे, घेऊन जा म्हणाला. मी मान हलवून पुढे आले. अम्मा नंतर जाऊन घेऊन आलीच. आता तो फ्रिजमध्ये आहे आणि फ्रिज उघडला की मला तो दिसतो.

इथला ऑगस्ट माणसाच्या अंगावर हात टाकतो. बिल्डिंगचं दार उघडलं की ओली, तापलेली हवा तोंडावर थपडेसारखी बसते. चष्मा पांढरा होतो आणि क्षणभर समोर कोण उभं आहे तेही दिसत नाही. एसीच्या पेटीखाली सावलीला आलेलं कबुतर सकाळी तिथेच मरून पडलेलं असतं. शहराबाहेर सनद गावाच्या बाजूला भिंतींच्या आड अजून थोड्या खजुराच्या बागा आहेत. तिथे कमरेला दोर बांधून माणूस झाडावर चढतो आणि कोयत्यानं घड तोडतो. खाली उभं राहायचं नसतं. घडाबरोबर फांदीचे काटेही पडतात, आणि ते काटे चपलेतून आरपार पायात जातात. लहानपणी मला वाटायचं, हे इतकं गोड फळ इतक्या मारामारीशिवाय मिळत नसेल.

ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षीही असाच रुतब आला होता.

आमच्या घरात एक मोठा थाळा आहे. अम्मानं लग्नानंतर दापोलीकडच्या गावाहून आणलेला, चार-पाच माणसं भोवती बसतील एवढा. शुक्रवारी नमाजनंतर जमिनीवर दस्तरखान अंथरायचा, मधे थाळा ठेवायचा, त्यात भात आणि त्यावर सालन, आणि सगळ्यांनी त्यातच जेवायचं. गावी बायका वेगळ्या थाळ्याला बसतात, पण हूराच्या फ्लॅटमध्ये तेवढी जमीन नाही. थाळ्याचा एक नियम आहे. थाळ्यावरचं शेवटचं माणूस जेवेपर्यंत कुणी हात काढायचा नाही. आपलं पोट भरलं तरी बोटं भातात फिरवत बसायचं, म्हणजे सावकाश जेवणाऱ्याला आपण मागे राहिलो असं वाटत नाही. मधेच हात काढून उठणं म्हणजे उरलेल्यांच्या तोंडावर थुंकणं. गावातल्या एका लग्नात असा हात काढला गेला आणि त्या दोन घरांनी एकमेकांच्या मय्यतीलाही जाणं सोडलं, असं अम्मा सांगते.

आमच्या थाळ्यावर सगळ्यात सावकाश जेवणारी हिबा. माझ्या फुफीच्या, म्हणजे आत्याच्या मुलीची, नसीम आपाची मुलगी. त्या वर्षी ती पहिलीत होती.

नसीम आपा आधी इथेच एका क्लिनिकमध्ये नर्सच्या हाताखाली काम करायची. फुफी वारल्यावर तिचं माहेर म्हणजे आमचं घर. अब्बांचे थोरले भाऊ, माझे मोठे चाचा आणि तिचे मामू, इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांचं होम चालवतात. अम्मासाठी सगळं इंग्लंड म्हणजे लंडन, त्यामुळे आमच्याकडे ते 'लंडनवाले'. त्यांनी नसीम आपाला आपल्या होममध्ये काम दिलं, व्हिसा काढला. आधी तू ये, मग पोरीला आणू, म्हणाले. तिनं इथली नोकरी सोडली. व्हिसा येईपर्यंत तिकडे नियम झाला की म्हाताऱ्यांची सेवा करायला येणाऱ्यांनी स्वतःची मुलं बरोबर आणायची नाहीत. तोवर तिकीटही निघालं होतं. ती गेली. हिबाचे वडील इक्बालभाय टॉवर क्रेन चालवतात आणि साइटच्या कॅम्पात राहतात. तिथे सगळे पुरुष, पोरीला ठेवायची सोय नाही. म्हणून हिबा आमच्याकडे राहिली, माझ्या खोलीत, माझ्या पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला. झोपेत ती लाथा मारायची. सकाळी माझ्या पोटऱ्यांवर निळे डाग असायचे. मी ते कुणाला दाखवले नाहीत.

त्या उन्हाळ्यात तिकडे निवडणूक होती. आमच्यासारख्या माणसांना इथे मत नाही, आणि भारतातलं मत द्यायला तिथे हजर असावं लागतं, त्यामुळे अब्बांनी आयुष्यात एकदाच मत दिलंय, तेही लग्नाआधी. मी अजून दिलेलंच नाही. पण आमच्या घराइतकं राजकारण कुठे बोललं जात नसेल. अब्बा जेवताना तीन देशांची सरकारं पाडतात. मतदान करणारी माणसं आमच्यात दोनच: मोठे चाचा आणि नसीम आपा. आपल्या देशावर कधीकाळी इंग्रजांचं राज्य होतं म्हणून तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसाला नागरिक नसतानाही मत देता येतं. तिला तिथे मुलगी आणता येत नव्हती, मत मात्र देता येत होतं.

मोठ्या चाचांनी होमच्या पुढच्या हिरवळीवर एका पक्षाचा बोर्ड रोवला होता. तो पक्ष म्हणत होता, बाहेरून येणारे थांबवा, आलेल्यांपैकी बरेचसे परत पाठवा. नसीम आपानं एकदा भीत भीत विचारलं तर ते म्हणाले, अगं, तू माझ्या कागदावर आलीस, हे त्या होड्यांतून येणाऱ्यांबद्दल आहे. मतदानाच्या दिवशी त्यांनीच तिला रात्रपाळी संपल्यावर आपल्या गाडीतून नेलं. कुठल्या नावापुढे फुली मारायची ते गाडीत समजावलं. तिनं मान डोलावली. त्या रात्री तिनं मला इंग्रजीत लिहिलं की मी त्याच्या विरुद्ध फुली मारली आणि मग त्याच्याच गाडीत बसून घरी आले, सीटबेल्ट लावून. मी एक हसणारा चेहरा पाठवला. मला बोलायला सुचत नाही तेव्हा मी चेहरे पाठवते.

निवडून आले ते दुसरेच. मुलांचा नियम तसाच राहिला.

मग काही आठवड्यांनी तिकडच्या गावांत बाहेरून आलेल्यांविरुद्ध दंगली उसळल्या. इक्बालभायच्या फोनवर आम्ही ते बघत होतो. दुपारच्या उन्हात बाहेरची कामं बंद असतात, त्या वेळात ते हिबाला भेटायला यायचे. पडद्यावर डोक्यावर हुडीचे टोप ओढलेली पोरं कुंपणाच्या विटा उपटत होती. कचऱ्याचे डबे पेटवून ढकलत होती. काच फुटली की फुटबॉलमध्ये गोल झाल्यासारखी गर्जना व्हायची. त्यांच्यात बाबागाडी घेऊन आलेली एक बाई होती. तिनं ओरडताना बाळाचे कान झाकले होते. हिबा बापाच्या मांडीवर बसून बघत होती. बंद करा, असं मला म्हणायचं होतं. मी उठून पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की कामावर जाताना नसीम आपाच्या बसवर वीट आली. काच फुटून तिची डावी भिवई फाटली, टाके पडले. होमच्या अलीकडच्याच थांब्यावर. आणि होमला ओरखडाही नाही. जमाव समोरून गेला, हिरवळीवरचा बोर्ड बघून त्यातल्या काहींनी अंगठे दाखवले, आणि पुढे गेला. हे मोठ्या चाचांनीच फोनवर अब्बांना सांगितलं. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि थोडा अभिमानही.

तिला रजा मिळाली. गावी जाताना मोठे चाचा तिला घेऊन बहारीनला आले. ती आमच्याकडे उतरली, ते झल्लाकला समुद्रावरच्या रिसॉर्टमध्ये. तुमच्या घरी त्रास कशाला, म्हणाले. हिबा आईच्या भिवईवरच्या टाक्यांकडे बराच वेळ बघत राहिली, मग तिनं विचारलं, "डिड यू क्राय?" आपा म्हणाली, "थोडीशी." हिबा म्हणाली, "मी नाही रडले." ते तिनं मराठीत म्हटलं. ती मराठीत क्वचितच बोलायची.

शुक्रवारी चाचा जेवायला आले. फिकट निळा लिननचा शर्ट, पांढरी दाढी नीट कातरलेली. थाळ्याभोवती ते, अब्बा, इक्बालभाय, नसीम आपा आणि हिबा. अम्मा आणि मी वाढत होतो. भात आत्ताच उतरवलेला, वाफा येत होत्या. अम्मानं सुरमईचं सालन केलं होतं आणि शेवटी द्यायला रुतब धुऊन ठेवला होता.

चाचांनी हिबाच्या पुढ्यात काटे काढून मासा ठेवला. ते वाईट माणूस नाहीत, हे मला इथेच सांगून टाकायला हवं. आमच्या सगळ्यांच्या अडीअडचणीला ते धावलेत. जेवता जेवता ते नसीम आपाला म्हणाले की तू होमच्या मागच्या दाराशी थांबणाऱ्या बसनं यायला हवं होतंस, त्या रस्त्यावर जायचंच नव्हतं. आणि ती पोरं वाईट, पण त्यांचा राग खोटा नाही. कारखाने गेले, घरं मिळत नाहीत, दवाखान्यात रांगा. मग त्यांनी आपले केस बाजूला करून कपाळावरची जुनी खूण दाखवली. ती आम्ही आधीही पाहिली होती. ते तिकडे नवे गेले तेव्हा हॉटेलात भांडी घासायचे. एका रात्री जिन्यात चौघांनी त्यांना बुटांनी तुडवलं होतं.

"याच पोरांच्या बापांनी मारलान मना," ते म्हणाले. "मार खाल्लेल्या माणसाला कळतं मार खयसून येतो. मी तिकडनं बाजूला सरकून उभं रहायला शिकलो. तुमी पण शिका."

अब्बा मान डोलावत होते. अब्बा एका एसीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळतात. त्याच महिन्यात त्यांच्या हेल्परांनी बसमध्ये एसी मागत काम थांबवलं होतं आणि अब्बा घरी येऊन म्हणाले होते, सगळ्यांना विमानात बसवा, बाहेर दुसरे उभेच आहेत. पहिल्या वर्षी अब्बा अशाच बसमध्ये बेशुद्ध पडले होते. ती गोष्ट ते विनोद म्हणून सांगतात.

इक्बालभाय भात कालवत होते. दिवसभर ते आमच्यापैकी सगळ्यांत उंच जागी, ढगात टांगलेल्या काचेच्या खोक्यात बसतात, आणि खाली कुणाच्या डोक्यावरून लोखंड फिरतंय याचा हिशेब ठेवतात. बोलतात कमी. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मामू, तुमच्या बोर्डानं तुमची काच वाचवलीन. हिची भिवई कुणी वाचवायची व्हती?"

चाचा म्हणाले की बोर्ड माझ्या मालकीच्या जमिनीवर आहे, आणि ज्या व्हिशावर ही तिथे राहते तो व्हिसा त्याच जमिनीतून येतो. होम जळलं असतं तर ही उद्या इथे परत आली असती, रिकाम्या हातानं. हे खरंच होतं. खोलीत सगळ्यांना माहीत होतं की खरं आहे.

तेव्हा नसीम आपा अगदी शांतपणे, हिबाच्या पुढ्यात दस्तरखानावर सांडलेली शितं गोळा करत म्हणाली, "मी तुमच्या विरुद्ध मत टाकलं, मामू. हिला आणता यावं म्हणून."

चाचांचा घास हातातच राहिला.

"माझ्या गाडीतनं जाऊन?" ते म्हणाले.

त्यांनी घास थाळ्यात ठेवला आणि हात बाहेर काढला.

अम्मा म्हणाली, "बसा भाईजान. हिबा जेवतंय अजून."

ते एक गुडघा टेकून उठू लागले. इक्बालभायनी त्यांचं मनगट पकडलं. लिव्हर धरून धरून कडक झालेला तो हात. मी त्या मनगटाची शीर फुगलेली पाहिली. "पोरगी जेवतेय," ते म्हणाले, आणि चाचांचा हात परत थाळ्यात दाबला, मधोमध, जिथे भात अजून वाफाळत होता. चाचांच्या तोंडून एक आवाज निघाला, कुत्र्याच्या पायावरून चाक गेल्यावर निघतो तसा. त्यांनी डाव्या हातानं इक्बालभायच्या तोंडात भडकावली. एकदा, दोनदा. इक्बालभायनी हात सोडला नाही. आणि मग अब्बांनी, ज्यांनी मला कधी चापटही मारलेली नाही त्या माझ्या अब्बांनी, पाण्यानं भरलेला स्टीलचा जग उचलला आणि इक्बालभायच्या कानशिलावर हाणला. आवाज जगाचा झाला, की हाडाचा, मला ठरवता येत नाही. अब्बांनी पुन्हा उचलला. अम्मानं त्यांचा दंड धरला आणि त्या झटापटीत सगळं पाणी नसीम आपाच्या अंगावर गेलं.

रक्त कानामागून आलं, जबड्यावरून ओघळलं आणि थाळ्यात टपटपलं. पांढऱ्या भातावर ते आधी लाल दिसत होतं, मग भात ते पिऊन तपकिरी झाला.

एसी घरघरत होता. आणि मग मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हिबानं आपल्या बाजूचा, न भिजलेला भात बोटांनी जवळ ओढला आणि एक घास तोंडात घातला. चावला. दुसरा घेतला. ती कुणाकडेही बघत नव्हती. इक्बालभायनी चाचांचं मनगट सोडलं होतं, पण चाचा उठले नाहीत. भाजलेला हात त्यांनी थाळ्याच्या कडेवर ठेवला. अब्बांनी जग खाली ठेवला आणि त्यांचाही हात थाळ्यात परत गेला. रक्त गळतं आहे असा जावई, हात भाजलेला थोरला भाऊ, ओली चिंब झालेली आई, आणि माझे अब्बा, सगळे त्या एका थाळ्याभोवती बसून राहिले, हिबाचं जेवण होईपर्यंत. शेवटी तिनं बोटं चाटली आणि जेवण संपलं की इथली सगळी मुलं म्हणतात तसं म्हणाली, "खलास."

तेव्हा सगळे उठले.

इक्बालभायना क्लिनिकमध्ये नेलं. बाथरूममध्ये पाय घसरला असं सांगितलं. केस झाली तर कुणाचा व्हिसा जाईल याचा विचार तिथे बसलेल्या प्रत्येकानं केला असणार, मीही केला. अम्मानं थाळा घासला, पुन्हा घासला. रुतब कुणी खाल्ला नाही. चाचा गावी गेलेच नाहीत, तो आठवडा त्यांनी झल्लाकलाच हाताला मलम लावून काढला. आणि रजा संपल्यावर नसीम आपा त्यांच्याच विमानानं, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून परत गेली. दुसरा कागद तिच्याकडे नव्हता. एअरपोर्टवर तिनं त्यांची बॅग उचलली, कारण त्यांचा उजवा हात बांधलेला होता.

पुढच्या महिन्यात माझ्या ऑफिसात, म्हणजे जिथे मी दाखले टाइप करते त्या शाळेत, मिस हेलन इंग्लंडहून सुट्टी संपवून परत आली. ती खेळ शिकवते, सनदला पोहण्याचा तलाव असलेल्या व्हिलात राहते, तिच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे. दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. तिनं फोन पुढे केला. तीच गर्दी, तसलाच रस्ता. एका करड्या टोपवाल्यावर तिनं नख ठेवलं. हा माझा भाऊ, म्हणाली. कारखाना बंद पडल्यावर गोदामात रात्रपाळी करतो, तीही कधी मिळते, कधी नाही. मग म्हणाली की मला त्याची लाज वाटते, मी तसा विचार कधीच करणार नाही. थोडं थांबून म्हणाली की मी परीक्षेत नापास झाले असते तर त्याच्या शेजारीच उभी असते, हातात वीट घेऊन. तिचे डोळे भरले होते. नसीम आपाच्या बसवर वीट आली ती त्याच रस्त्यावर का, मला विचारता आलं असतं. मी तिला टिश्यूचा डबा दिला.

तेव्हापासून कुणी मोठ्यानं आपलं मत सांगू लागलं की मी त्याच्या पायांकडे बघते, तो कुठे उभा आहे ते. लोक आले आणि आमचं गेलं, हे वाक्य मी चाचांकडून ऐकलं, हेलनच्या भावाचं म्हणून ऐकलं, आणि आमच्या दस्तरखानावर अब्बांकडून ऐकलं. तिघांना एका खोलीत बसवलं तर ते एकमेकांचा गळा धरतील. अब्बांनी जग का उचलला याचाही मी पुष्कळ विचार केला. थोरला भाऊ, हे एक. पण अब्बांची नोकरी संपत आली होती, आणि नंतर चाचांच्या घराच्या मागच्या खोलीत राहायचं असं त्यांनी मनात बांधलं होतं. माझ्या पुढच्या शिक्षणाचंही चाचा बघणार होते. जगाच्या त्या फटक्यात माझी फीसुद्धा होती. हे मी अब्बांना कधी म्हणणार नाही.

आज शुक्रवार. बाहेर ऑगस्ट काचेला बाहेरून घाम आणतोय. इक्बालभाय आलेत. कानामागे केस उगवत नाहीत तिथे एक पांढरी रेघ आहे. ते आणि अब्बा एकमेकांशी बोलत नाहीत, पण मुलगी इथे आहे, आणि थाळा एकच आहे, म्हणून समोरासमोर बसतात. नसीम आपा अजून तिकडेच. नियमही तिथेच. हिबाला आता आईच्या मांडीवर बसता येणार नाही एवढी ती उंच झालीय.

आणि ती पूर्वीपेक्षा सावकाश जेवते. हे मी किती दिवस बघतेय. सगळ्यांचं झालं की तिच्या पुढ्यात मूठभर भात उरलेला असतो, आणि मग ती एकेक शीत उचलते.

आत्ता अब्बांचा फोन वाजतोय, खिडकीशी चार्जिंगला लावलेला. पडद्यावर चाचांचं नाव आहे. मागच्या खोलीचं ते आज कळवणार होते. अब्बा सकाळपासून त्या फोनची वाट बघतायत. त्यांचे गुडघे हलले. मग त्यांनी हिबाकडे पाहिलं. हिबानं त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून एक शीत उचललं, जिभेवर ठेवलं आणि चावायला लागली.

अब्बांचा हात भातात आहे. फोन वाजून वाजून थांबतो, पुन्हा वाजायला लागतो. थाळ्यात अजून मूठभर भात आहे.